ठिपकीच्या ढेकराचा हिशोब

आमच्या शेजारच्या गोठेवालीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसलेली ती मला फक्त दूध काढताना दिसायची, आणि तेव्हाही तिचे डोळे बाकीच्या गाईंवरून फिरत असायचे. पाहुण्याशी बोलता बोलता ती त्याला पाय उचलायला लावून खालची फरशी पुसून घ्यायची. नवरा गेल्यावर गोठा तिनं एकटीनं सांभाळला. या गल्लीतल्या पोरांची हाडं आपल्या दुधावर पोसली आहेत, असं ती येताजाता ऐकवायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिची भाची जनावरांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. एकदा ती मावशीकडे डबे आणि नळ्या घेऊनच आली. गाईच्या गळ्यात डबा अडकवायचा आणि त्याची बारीक नळी नाकपुडीजवळ बांधायची. मग गाईच्या श्वासातला, ढेकरातला वायू दिवसभर थोडा थोडा डब्यात ओढला जायचा.

"हवा तापवणारे जे वायू आपला देश सोडतो ना मावशी, त्यात जनावरांचा वाटा मोठा आहे," भाचीनं सांगितलं. "चारा पचताना गाईच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि बहुतेक सगळा ढेकरातून बाहेर पडतो."

"म्हणजे जग तापतंय ते माझ्या ठिपकी गाईमुळं! आणि दिवसभर मोटारी उडवणारे तेवढे धुतल्या तांदळासारखे?"

"तसं नाही गं. आपला नेमका वाटा किती, तेच कुणाला धड ठाऊक नाही. आजवर परक्या देशातल्या गाईंचे आकडे घेऊन आपण आपला हिशोब मांडत आलो. त्यांच्या गाई वेगळ्या, चारा वेगळा. आता आपल्याच काही गोठ्यांवर मोजून बघायचंय. त्यात तुझा गोठा मी सुचवला."

भाचीनं हे कौतुकानं सांगितलं होतं, पण भिंगरीच्या जिवाला घोर लागला. त्याच संध्याकाळी दूध घालायला ती माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच येरझाऱ्या घालू लागली.

"बाई, तुम्ही जन्मभर परीक्षा घेतल्यात. माझ्या गाई नापास झाल्या तर?"

"अगं, ही परीक्षा नाही. नुसतं मोजमाप आहे."

"पोरांनाही तुम्ही असंच सांगायचात."

मी दुधाचं पातेलं पुढं केलं.

गाईचं पोट फुगलं की गोठेवाले तिला गोडंतेल पाजतात. भिंगरीनं मनाशी ताळा जमवला : पोटातला वायू तेलानं बसतो, मग मोजणीच्या आधीच पाजलं तर ढेकरही कमी येतील. कुणाला न सांगता तिनं भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणात तेल ओतलं.

डबे तपासून झाल्यावर भाची धावतच आली. "मावशी, तुझ्या गाईंचे आकडे केवढे कमी आलेत! आमचे साहेब म्हणाले, असाच चारा सगळ्यांना सांगायला हवा. आता पुन्हा एकदा मोजते."

भिंगरी हसली खरी, पण त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. दुधाला पाणी लागलं नव्हतं, पण आकड्याला लागलं होतं. सांगावं तर भाचीचं तोंड उतरणार. न सांगावं तर पुढचा आकडाही कमीच यायला हवा. तिनं दुसरा मार्ग धरला आणि तेलाची धार आणखी सैल सोडली.

दुसऱ्या मोजणीला भाची आली, तेव्हा ठिपकीनं गव्हाणीतल्या चाऱ्याला तोंडही लावलेलं नव्हतं. मान खाली, कान पडलेले, रवंथ बंद. भाचीनं नळी बाजूला ठेवून गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. मीही कुंपणाशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी गाईच्या कुशीवर हात दाबून पाहिला. "पोट चालत नाही हिचं. काय घातलंत खायला?"

"नेहमीचंच," भिंगरी म्हणाली. मग दोरी उचलली, खाली टाकली, दुसऱ्या गाईचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधलं.

"आठवून सांगा. नेमकं कळल्याशिवाय औषध कसं देऊ?"

भिंगरीनं भाचीकडे पाहिलं, मग ठिपकीकडे. "तेल पाजलं," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही पाजलं होतं. सगळ्यांना."

भाची ताडकन वळली. "मावशी! अगं, त्या आकड्यावरून हजारो गोठ्यांचा अंदाज बांधणार होते!"

"मग खोडून टाक! मला मेलीला काय ठाऊक, माझ्या पाच गाई एवढ्या लांब पोचतील!"

डॉक्टरांनी नळीनं औषध पाजलं, तेल बंद करून नुसता वाळला चारा ठेवायला सांगितला आणि ते गेले. भाची बाहेर जाऊन साहेबांशी फोनवर बोलली. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "पहिली मोजणी रद्द," एवढंच ती म्हणाली आणि ठिपकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. भिंगरी बसायची, उठायची, गाईच्या पोटाला कान लावायची.

दुपार कलली, तशी ठिपकीनं मान वर केली. घशातून एक गाठ वर सरकली आणि तिनं असा दणदणीत ढेकर दिला की शेजारची गाय मागे सरली. मग जबडा सावकाश हलू लागला.

भिंगरीनं पदर तोंडाला लावला. भाचीला आधी रडू आलं, मग हसू.

"हा धरलास का गं डब्यात?" भिंगरीनं विचारलं.

"नाही. तेल पुरतं उतरल्याशिवाय धरायचा नाही. पंधरा दिवसांनी येते."

"ये. आणि त्या दिवशी पहाटेपासून तूच घाल त्यांना चारा. माझा हात गप्प राहणार नाही."