पाठीशी, पण जरा लांब

मुलीच्या छोट्या स्पोर्ट्स कारला रोल बार बसवायचा होता. गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून सीटच्या मागे बसवतात ती पोलादी कमान. रोज ऑफिसला आणि एखाद्या रविवारी रेस ट्रॅकवर ती हीच गाडी नेते. गॅरेजमध्ये गेल्या गेल्या मी चहूबाजूंनी पाईप असलेला सगळ्यात दणकट पिंजरा पसंत करून टाकला.

"बाबा, ट्रॅकवर हेल्मेट असतं. ऑफिसला जाताना डोकं उघडं असतं. मागून कुणी साधं धडकलं तरी हा जवळचा पाईपच डोक्यात बसेल."

मला रागच आला, पण तिचं खरं होतं. वाटलं, घरातली काळजीही अशीच असावी. पाठीशी असावी, पण मान वळवली की लागू नये.

शेवटी मागची साधी कमान ठरली. मुलगी सीटवर टेकून बसली, तेव्हा तिचं डोकं आणि पाईप यांच्यामध्ये मी हात घालून पाहिला. पंजा आरामात मावला.

"लागतोय का गं?"

"पाईप नाही लागत, बाबा. तुझा हात लागतोय."