गोळ्यांतली मिरची

सुनेच्या तव्यावर मिरची करपली की ती खोकत अंगणात पळते. मला मात्र त्या ठसक्यात खासबागेतली वकिलीणबाई दिसते.

इंग्रजांच्या काळात माझी आई वखारीतला कोळशाचा चुरा मागून आणायची, शेणात कालवून गोळे वळायची, चुलीच्या उबेला वाळवून दारोदार विकायची. वकिलीणबाईने तो चुरा चोरीचा ठरवून तिला चारचौघांत चोरटी म्हटलं. पुढं पावसात सरपण भिजलं, तसा त्याच बाईचा निरोप आला. आईने गोळ्यांत मूठभर मिरचीचं बी कालवलं, आणि शेगडी पेटेपर्यंत तिच्या दारातच थांबली.

बाई डोळे चोळत बाहेर आली. "काय घातलंस गं यात?"

"चोरीचा माल हाय न्हवं, बाईसाब? असाच जळतोय."

भीतीने मी आईचा पदर धरला होता. आता वाटतं, मूठ लहानच पडली.