चेंडू आधी सुटला होता का?

दवाखान्यात शेवटच्या दिवशी ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "अगं, संदीपच्या हातून चेंडू आधी सुटला होता का?" मला वाटलं होतं, पाणी मागतील…

आमचे हे मानपाड्याच्या कारखान्यात फिटर आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचे पंच. त्या अंतिम सामन्याला नेमलेले पंच आलेच नाहीत. दोन्ही संघ म्हणाले, काका, तुम्हीच उभे राहा. एका संघात आमचाच मुलगा, संदीप. खेळाडूंना नोकरीत घेणारे साहेब समोर बसलेले, आणि जिंकणाऱ्या संघातलीच पोरं घ्यायची असं त्यांचं ठरलेलं. शेवटच्या क्षणी संदीपने उडी मारली आणि पाय रोवून उभ्या असलेल्या पोरावर आदळला. चेंडू जाळीतून खाली आला. फाउल संदीपचाच, त्यात वाद नव्हता. पण नियम असा, की चेंडू हातातून सुटल्यावर धडक झाली तर बास्केट धरायची, आधी झाली तर नाही. ह्यांनी बास्केट रद्द केली. संघ हरला, साहेब उठून गेले.

घरी आल्यावर संदीप म्हणाला, "बाबा, सुटला होता."

"मला दिसलं तेच दिलं."

"दुसऱ्याचा पोरगा असता तर बास्केट धरली असती तुम्ही."

ह्यांनी शिट्टी खुंटीला अडकवली. संदीप कोपरला खोली घेऊन राहिला, तो परत घरी आला नाही. सणाला मी डबा न्यायचे. तो कसा आहे, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. डबा रिकामा आला का, तेवढं बघायचे.

आणि एवढ्या वर्षांनी हा प्रश्न. त्या दिवशी मी मैदानाच्या कडेलाच बसले होते. म्हटलं, "मी चेंडू बघितलाच नाही. पोरगं पडतंय का, ते बघत होते."

"मग तुझी साक्ष धरता येत नाही," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. संध्याकाळी गेले.

जाऊबाई म्हणतात, खोटं बोलायचं होतंस. कुठलं खोटं बोलू? सुटला होता म्हटलं असतं, तर चूक घेऊन गेले असते. नव्हता म्हटलं असतं, तर मुलगा खोटा ठरला असता.

अग्नी संदीपनेच दिला. आता रविवारी जेवायला येतो. हे ताटातल्या वाट्या सरकवून फाउल समजावायचे, तसाच तोही आमटीची वाटी भाजीच्या वाटीला भिडवतो, मागे घेतो, पुन्हा भिडवतो… परवा म्हणाला, "आई, मला पण आता नीट आठवत नाही गं."

मी त्याला भात वाढला.