खांबापासून दिसेल असा टीव्ही

आमच्या बेटावरच्या सालेलोलोंगाच्या बाजारात टीव्ही घ्यायला निघताना फुआतिनोने पिशवीत पैसे ठेवले, घाम पुसायला फडकं ठेवलं आणि वर नारळाच्या काथ्याची लांब दोरी गुंडाळून ठेवली.

"दोरी कशाला, आई?" सुनेने, रूताने विचारलं. "दुकानवाला खोकं बांधूनच देतो."

"बांधायला नाही, मापायला. आणि तू तिथे तोंड उघडू नकोस."

रूताने पिशवी उचलली. सासूच्या जिभेला धार होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. चर्चच्या गाण्यात बेसूर होणाऱ्या बाईला ती सगळ्यांदेखत थांबवत असे, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की मोठ्याने जांभई देत असे. वय बासष्ट. नवरा तरुणपणीच गेला. मुलगी ऑकलंडला. मुलगा, म्हणजे रूताचा नवरा, बोटीवर कामाला. आठवड्यातून दोन दिवस घरी.

घरातला खरा पुरुष म्हणजे तिचा भाऊ सेतेफानो. तिच्याहून दोन वर्षांनी लहान. बायको वारल्यावर तो बहिणीच्या अंगणातल्या झावळ्यांच्या खोपटात राहायला आला आणि वीस वर्षं राहिला. मळ्यातून अळकुड्यांच्या कावडी तोच आणायचा. रविवारी पहाटे दगड तापवून जमिनीतल्या भट्टीत जेवण तोच भाजायचा. मासा मिळाला तर पहिलं ताट बहिणीचं. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणारे पुष्कळ, सेतेफानो तसं वागायचा.

आणि वागायचा म्हणजे टीव्हीच्या बाबतीतही. मोठे झालेले भाऊ-बहीण आमच्याकडे टीव्हीसमोर शेजारी-शेजारी बसत नाहीत. पडद्यावरचा बाप्या कधी बाईला मिठीत घेईल याचा नेम नाही, आणि तसलं काही बहिणीच्या जोडीने बघणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून सेतेफानो कधी आत आला नाही. घर पुढून उघडं; तो बाहेरच्या ओट्यावर, डावीकडच्या शेवटच्या खांबाला टेकून, मांडी घालून बसायचा. तसलं दृश्य आलं की एकदा खोकायचा, उठायचा आणि नीरफणसाच्या झाडाखाली पाठ करून उभा राहायचा. झालं की रूता हाक मारायची, "मामा, या!"

तेव्हा घरात जुना डब्यासारखा जाड टीव्ही होता. तो कुठूनही दिसायचा. मग मुलीने ऑकलंडहून चपटा पाठवला. सगळं गाव बघायला आलं. फुआतिनो आठ दिवस कोणाशी सरळ बोलली नाही, इतका तिला ताठा चढला होता.

त्यानंतर सेतेफानो सकाळी कोको पिताना विचित्र प्रश्न विचारायला लागला. "फुआ, काल तो पोरगा विहिरीत पडला, का कोणी ढकलला?"

"समोर बसून विचारतोस? डोळे आहेत का करवंट्या?"

"डुलकी लागली असेल," तो हसून म्हणायचा.

दोन वर्षं रोज तिने त्याच्या डोळ्यांना करवंट्या म्हटलं. दोन वर्षं तो हसला. मग एका सकाळी मळ्यातच छातीत कळ येऊन गेला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला घराच्या ओट्याला लागूनच, त्याच्या खांबासमोर पुरलं आणि वर पांढऱ्या फरशा बसवल्या.

माती झाल्यावर चौथ्या दिवशी मयताला आलेल्या पाहुण्यांनी रीतीने आणलेल्या चटयांच्या घड्या घालायला फुआतिनो ओट्यावर बसली. कंबर दुखत होती म्हणून त्याच्या खांबाला टेकली. आत पोरांनी टीव्ही लावला होता. तिने सहज मान वळवली, आणि तिच्या हातातली चटई तशीच राहिली.

पडद्यावर काही नव्हतं. म्हणजे होतं, पण धुरकट, निळसर. बाई कुठली, बाप्या कुठला, काही कळेना. ती डोकं हलवत समोर सरकली तसा रंग भरला; परत खांबाशी आली तसा गेला. दोन वर्षं भाऊ इथे बसून नुसता आवाज ऐकत होता. आत येतो म्हणायचा हक्क त्याला नव्हता, टीव्ही वळव म्हणायचा होता. पण बहिणीकडे काही मागायचं नाही हे त्याच्या हाडात होतं. आणि बहिणीला एकदाही त्या खांबाशी बसून बघावंसं वाटलं नव्हतं. फुआतिनोने चटईत तोंड खुपसलं आणि ती रडली. लोकांना वाटलं, आत्ता कुठे तिला दुःख फुटलं.

खोकला त्याच आठवड्यात सुरू झाला.

मालिकेत कोणी कोणाच्या जवळ गेलं की ओट्यावरून एकच खोकला, घसा खाकरल्यासारखा. रूताला ऐकू यायचा नाही, फुआतिनोला यायचा. घरच्या कुत्र्यालाही यायचा, ते कान टवकारून खांबाकडे बघायचं आणि मग सावकाश मान वळवत नीरफणसापर्यंत कोणाला तरी नजरेने पोचवायचं. शेवटी फुआतिनोने टीव्ही खांबाकडे वळवायला घेतला, तर त्याची मागची तार तुटली आणि खाऱ्या हवेने आधीच खाल्लेला तो टीव्ही कायमचा बंद पडला. तिला वाटलं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना झाली, दिवे लागले, पडदा काळाठिक्कर, आणि तरी मालिकेच्या वेळेला खांबाशी खोकला आलाच.

गावातली अंगाला तेल चोळून दुखणी बघणारी म्हातारी तिला म्हणाली, "मेलेलं माणूस उगाच खोकत नाही, बाई. त्याचं काहीतरी बघायचं राहिलंय. ते दाखव, नाहीतर ते असंच बसून राहील." काय राहिलंय हे फुआतिनोला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुकानात तिच्या ऐपतीतले दोनच टीव्ही होते. दोन्ही सारख्याच मापाचे, किमतीत वीस-तीस ताला, म्हणजे थोड्याच पैशांचा फरक. दुकानातल्या फेतूने दोन्हींवर एकच चित्र लावलं, समुद्रातले मासे.

"हा घ्या, आजी," तो पहिल्यावर हात ठेवून म्हणाला. "काळा बघा कसा काळा दिसतो. त्या दुसऱ्यात काळासुद्धा राखाडी. आवाजही ह्याचाच मोठा."

खरंच होतं. पहिल्यातले मासे आत्ता अंगावर येतील असे होते. दुसऱ्यातले जरा फिके, पाण्यात दूध सांडल्यासारखे.

"हाच घेऊ या, आई," रूता न राहवून बोलली.

फुआतिनोने दोरी काढली. दोरीला दोन गाठी होत्या. घरच्या शेल्फपासून तिच्या खुर्चीपर्यंत एक, शेल्फपासून सेतेफानोच्या खांबापर्यंत दुसरी. खुर्चीपासून खांब किती बाजूला, तेही तिने पावलं टाकून मोजून ठेवलं होतं. दोरीचं टोक तिने फेतूच्या हातात दिलं. "पहिल्या टीव्हीच्या मध्यावर धर. हलू नकोस." आणि ती दोरी ताणत, पावलं मोजत बाजूला निघाली, धुलाईयंत्रांच्या मागे, तांदळाच्या पोत्यांपर्यंत. दुसरी गाठ आली तिथे थांबली आणि दुकानाच्या जमिनीवर चक्क मांडी घालून बसली.

"आजी, घरी तुम्ही तिकडून बघता?" फेतू हसत म्हणाला. "मग टीव्ही कशाला, रेडिओच घ्या की!"

रूताने डोळे मिटून घेतले, कारण आता फेतूची चामडी सोलली जाणार होती. पण फुआतिनो काहीच बोलली नाही. रेडिओ. दोन वर्षं तिने भावाला रेडिओच दिला होता. पहिल्यातले मासे तिथून पांढुरके, मेल्यासारखे दिसत होते. तिने फडक्याने डोळे पुसले.

"आता दुसऱ्यावर धर," ती म्हणाली.

दुसऱ्यातले मासे जसे समोरून तसेच तिथून. फिके खरे, पण लाल तो लाल, पिवळा तो पिवळा. ती तिथेच बसून राहिली, गिऱ्हाइकं तिला ओलांडून गेली तरी.

"हा दे," ती उठत म्हणाली.

"पण आजी, आवाज..."

"आवाज त्याने पुष्कळ ऐकलाय."

फेतूला काही कळलं नाही. रूताला कळलं. तिने दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि बसमध्ये टीव्हीचं खोकं सगळा रस्ता स्वतः धरून ठेवलं.

संध्याकाळची प्रार्थना झाली. फुआतिनोने खांबाशी त्याची चटई घातली, वर बसून एकदा बघून घेतलं, मग आत आपल्या खुर्चीवर गेली. मालिका लागली. ज्या पोराला विहिरीत ढकललं होतं तो आता मोठा झाला होता आणि कुणा बाईचे हात हातात घेऊन उभा होता. त्याने तिला जवळ ओढलं.

फुआतिनोने खुर्चीचे हात घट्ट धरले. कुत्र्याने कान टवकारले आणि ते खांबाकडे बघायला लागलं. खोकला आला नाही. कुत्रं नीरफणसाकडेही बघेना, नजर खांबावरच. फुआतिनोच्या लक्षात आलं. तो तिथेच बसून होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्याला दिसत होतं, आणि उठवत नव्हतं. पण बहीण समोर असताना तो बघणार तरी कसा?

फुआतिनो एकदा खोकली. मग उठली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि नीरफणसाखाली घराकडे पाठ करून उभी राहिली. वीस वर्षं तोच उठला होता.

"आई, झालं, या!" रूताने थोड्या वेळाने हाक मारली.

"चालू दे," ती तिथूनच म्हणाली. "पूर्ण होऊ दे."

सकाळी तिने दोन कप कोको केला. एक पांढऱ्या फरशांवर ठेवला, दुसरा हातात घेऊन खांबाला टेकून बसली.

"सेते," ती म्हणाली, "काल मी उठून गेले. पुढे काय झालं रे?"

आणि कोको गार होईपर्यंत ती वाट बघत बसली.