दिगंबर तारमास्तरांचा सरावाचा खटका

दिगंबर मास्तर वरणभात कालवतानाही ताटाच्या काठावर बोटानं तार ठोकत. मंचेरियल स्टेशनवर ते तारमास्तर, मी पोर्टर. एकदा मी विचारलं, "ताटाले काय सांगून राह्यले, मास्तर?"

"मीठ कमी हाय म्हनतो. बायकोले तोंडानं सांगाची हिंमत नाई."

त्याच दिवशी मी हट्ट धरला, मलाही शिकवा. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही उर्दूत. इंग्रजी अक्षरं मी मालगाडीच्या डब्यांवर पाहून ओळखायला शिकलो होतो. बुकिंगबाबू हसला, "आता पोर्टर तार घेईन." मास्तर त्याला म्हणाले, "मंग तुमीबी बसा शिकाले, बाबू."

मास्तरांनी फळीवर सरावाचा एक खटका बसवला. झटकन दाबला की कट, धरून ठेवला की लांब कडाक. कट कडाक म्हणजे ए. बाबूनं सगळी अक्षरं टिंबं-रेघांनी कागदावर मांडून पाठ केली. मीही तसा कागद केला, तो मास्तरांनी फाडला. "मोजशीन तं मांगं राह्यशीन. मी बोलतो ते मोजतं का तू? तसंच ऐक." बाबू मोजत बसे, तोवर पुढचा शब्द निघून जाई. माझ्याकडे मोजायला कागदच नव्हता. चार महिन्यांत मी त्याच्या पुढे गेलो. ही बढाई आहे, असू द्या.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मास्तर किनवटचे. किनवट तोवर आमच्याच जिल्ह्यात. ते मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो. मास्तरांनी तिकडं बदली मागून घेतली. म्हणाले, "जायच्या आधी परीक्षा घेतो. पास झाला तं खटका तुहा, नाईतं मी नेतो." आणि खटका पेटीत घातला. मी रोज वाट पाहिली. विचारलं मात्र नाही. कोणाच्या मागे लागणं माझ्या स्वभावात नाही.

जायचा दिवस आला. काझीपेटकडची गाडी लागली, मास्तर खिडकीशी बसले. परीक्षेचं नाव नाही. मी फुगून गप्प उभा होतो. तेही गप्प, मान खाली घालून किल्लीनं खिडकीचा गज ठोकत होते.

मी वळून पाहिलं. मागे बुकिंगबाबू होता.

"काऊन पाह्यलं माह्याकडं?"

"मास्तरानं सांगतलं, मांगं पाहा."

"मास्तरानं तं तोंडबी नाई उघडलं."

मी गर्रकन फिरलो. गाडी हलली होती. खिडकीतून मास्तरांचा हात बाहेर आला होता आणि हातात खटका होता. चार पावलं धावून मी तो घेतला.