दुसऱ्या व्हायोलिनमधली माझी खुर्ची

जळगावला गाडी दोनच मिनिटं थांबते हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी त्या दिवशी बाबांनी ते मला दहा वेळा सांगितलं. व्हायोलिनची पेटी त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरून ठेवली होती. आईने भरताचा डबा आणि कळण्याच्या भाकरी पिशवीत कोंबल्या, "थंडीत कानटोपी घाल गं, तिथे लाजू नकोस," असं बजावलं. मी डब्यात चढले, तेव्हा कुठे बाबांनी दारातून पेटी वर दिली. "खिडकीशी ठेवू नकोस, उन्हाने लाकूड उलतं," एवढंच म्हणाले. मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पण खरं सांगते, भुसावळ यायच्या आतच मी भरताचा डबा उघडला होता. दिल्लीला जायच्या आनंदाने भूक नुसती खवळली होती.

बाबांच्या व्हायोलिन-क्लासमधल्या मुलामुलींनो, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या त्या निळ्या सतरंजीवर माझ्याबरोबर बसलेल्या सगळ्यांना हे लिहितेय. तुमच्यातले काही तिथेच राहिले, काही माझ्यासारखे कुठे कुठे पांगले. बाबांचा नियम तुम्हाला आठवतच असेल: क्लासमध्ये वही आणायची नाही. "कानात राहील तेवढंच आपलं," असं ते म्हणायचे. एकदा कुणीतरी दप्तरात लपवून सरगम लिहून आणली होती, तेव्हा बाबा रागावले नाहीत, फक्त दोन दिवस त्या मुलाशी बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन रट्टे परवडले असते.

दिल्लीत मी आत्याकडे राहिले. आत्याचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. जिन्यात बंगाली माशाचा, तमिळ सांबाराचा आणि आत्याच्या फोडणीचा वास एकत्र यायचा. मी कॉलेजसाठी आले होते, पण कॉलेजपेक्षा जास्त मन लागलं ते शहरातल्या एका युवा ऑर्केस्ट्रात. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. शिकवणारे थापा सर सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले, पाठ ताठ, मिशा त्याहून ताठ.

निवड-चाचणीला मी जमिनीवर मांडी घालून बसले, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं आणि तारा आपल्या सवयीने सा-प-सा-प अशा लावल्या. समोर खुर्ची होती, ती मला सरांसाठी वाटली! सर हसले. त्यांनी पियानोवर काहीतरी वाजवलं, मी ऐकून तसंच वाजवलं. त्यांनी अवघड वाजवलं, मी तेही वाजवलं. "अरे वाह, कान तो कमाल का है," म्हणाले, आणि त्या भरात माझ्यापुढे स्वरलिपीचा कागद ठेवायचं विसरूनच गेले. मला दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत जागा मिळाली.

पहिल्या रविवारी ओबो नावाच्या, आपल्या सनईच्या नात्यातल्या वाद्याने एक स्वर दिला आणि चाळीस वाद्यं त्या एकाच स्वरात मिळायला लागली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जळगावात मी, तबला आणि तंबोरा मिळून तीन वाद्यं झाली की बैठक भरलेली वाटायची. इथे माझ्या खुर्चीचे पायसुद्धा थरथरत होते. मी मनात म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, ही खुर्ची सोडायची नाही.

आणि म्हणून मी लबाडी केली. मला ती पाच रेघांवरची काळ्या ठिपक्यांची लिपी येत नव्हती, हे मी कुणाला सांगितलंच नाही. ऑर्केस्ट्रात दोघींना मिळून कागद ठेवायचा एक स्टँड असतो आणि आतल्या बाजूला बसणारीने पान उलटायचं असतं. आतल्या बाजूला मी! माझ्या शेजारी शर्वरी शिंदे, कँटोन्मेंटमधल्या सुभेदारांची मुलगी. गाव साताऱ्याकडचं, पण वाढली सगळी दिल्लीत. ती वाजवायची, मी एका कानाने टिपायचे, घरी घोकायचे आणि कुठल्या सुरावर पान संपतं तेही पाठ करायचे. कागदाकडे मात्र अशी टक लावून बघायचे, की बघणाऱ्याला वाटावं, केवढी अभ्यासू मुलगी आहे.

दोन महिने निभावलं. मग एका रविवारी सरांनी मध्येच थांबवलं. आमच्या कागदांवर जागोजागी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, सर जे अक्षर म्हणतील तिथून सगळ्यांनी सुरू करायचं. सर म्हणाले, "डी से." आता आपल्याकडे थांबलं की काय करतात? मुखडा पकडतात. माझे हात आपोआप मुखड्यावर गेले. चाळीस जण डीपासून आणि मी एकटी, अगदी आत्मविश्वासाने, मुखड्यापासून. सगळे गप्प झाले तरी मी दोन सूर वाजवतच होते.

सर माझ्यापाशी आले. "बेटा, ये सुन के बजा रही हो?"

मी मान हलवली. कान इतके तापले होते की आईची कानटोपी लागली नसती.

"चार हफ़्ते में कॉन्सर्ट है. तब तक काग़ज़ से बजा के दिखाओ. नहीं तो इस बार नीचे बैठ के सुनना." आवाज कडक नव्हता, पण शब्द तेच राहणार हे कळत होतं.

बसस्टॉपवर शर्वरी म्हणाली, "यार, तू मला सांगायचं ना! मी बिल्कुल ओळखलं नाही. पान तर तू माझ्याहून टाइमवर उलटतेस." मग तिनेच मला शिकवलं. बसमध्ये, बसस्टॉपवर, आत्याच्या किराणा यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच रेघा ओढून. पहिल्या आठवड्यात मी पहिलीतल्या पोरासारखी बोट ठेवून वाचत होते. तिसऱ्या आठवड्यात एका पानावर नजर गेली आणि न ऐकलेली ओळ डोक्यात आपोआप वाजली! मी चालत्या बसमध्ये ओरडले. कंडक्टरने वळून बघितलं.

पण बाबांना सांगायचं राहिलं होतं. मला खुर्ची जाण्याइतकीच भीती त्याची होती. शेवटी फोनवर एका दमात सांगून टाकलं, "बाबा, मी कागदावरून वाजवायला शिकतेय." बाबा म्हणाले, "बरं. येतो मी ऐकायला," आणि फोन ठेवला. रागावले की काय, काही कळायला मार्ग नाही. तो दोन दिवसांचा अबोला मला आठवत राहिला.

सरांनी चौथ्या रविवारी मला एकटीला उभं करून वाजवून घेतलं. दोनदा अडखळले, पण वाजवलं. "बैठो अपनी कुर्सी पे," म्हणाले, आणि शर्वरीने स्टँडखालून माझा हात दाबला.

कॉन्सर्टला बाबा तिसऱ्या रांगेत आत्याशेजारी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सुरुवातीला त्यांचं बोट गुडघ्यावर सम शोधत होतं, हे मला वरून दिसलं. मग सूर उसळले आणि मला बाबाही दिसेनासे झाले. किती मजा आली, कसं सांगू! पान मी वाचून उलटलं, अगदी बरोबर जागी.

नंतर बाबा बाहेर भेटले. म्हणाले, "डोळे मिटून तुझं व्हायोलिन शोधत होतो. सापडलंच नाही."

हजारांत आपला सूर ओळखू आला पाहिजे, हे त्यांचंच शिकवणं. थापा सर मात्र तीन महिने सांगत होते की कुणा एकाचं व्हायोलिन वेगळं ऐकू येता कामा नये. आता बाबांना हे कसं समजावू, या विचारात मी होते, तोवर तेच पुढे म्हणाले, "मग डोळे उघडून बघितलं. तू हसत होतीस. माझ्यासमोर बारा वर्षं वाजवलंस, पण हसून कधी वाजवलं नव्हतंस." मी त्यांना भर गर्दीत मिठी मारली, जी आम्ही जळगावात कधी मारत नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून दिल्लीतच आहे, त्याच ऑर्केस्ट्रात लहान मुलांना शिकवते. हिंदीत रागावते, मराठीत मोजते. कुणी विचारलं की तुझं घर नेमकं कुठलं, तर मला त्या कॉन्सर्टनंतरच्या रविवारची गोष्ट आठवते. मी तालमीहून परतले तर आत्या म्हणाली, "दादाचा फोन होता. म्हणाला, घरी आली की फोन करायला सांग."

घरी म्हणजे आर. के. पुरमला. जळगावच्या त्या दोन खोल्या सोडून बाबांनी दुसऱ्या कुठल्याही जागेला घर म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. पेटी हातातच धरून मी नंबर फिरवला. पलीकडून त्यांचा "हॅलो" आला, आणि मी म्हटलं, "बाबा, आले घरी."