वळचणीखालचा अंगठा

रंगाऱ्याचं त्या बंगलीशी वाकडं होतं. व्हिक्टोरियाच्या काळातली बंगली. छपराच्या कडेला लाकडी झालर, खिडक्यांना रंगीत काचा आणि कोपऱ्यात उगाच एक मनोरा. येणारेजाणारे माना वर करून बघायचे, हा मान खाली घालून निघून जायचा. त्याच झालरीला रंग देताना त्याचा बाप शिडीवरून पडला आणि जागीच गेला. तेव्हा याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

त्यांच्या घराण्यात एक पद्धत होती. काम पुरं झालं की शेवटच्या हातावर, रंग ओला असतानाच, कुणाला दिसणार नाही अशा जागी अंगठा उमटवायचा. अर्धवट कामावर अंगठा नाही म्हणजे नाही. बापाचा अंगठा राहून गेला, हे आईच्या मनाने घेतलं. "काम टाकून गेलेत ते, त्यांना चैन पडायचं नाही," हे तिचं पालुपद अजून सुटलेलं नव्हतं. रात्री बाहेर शिडी सरकल्याचा आवाज येतो, असंही ती म्हणायची. शेजारी तिला वेड्यात काढत. रंगारी काढत नसे, कारण आवाज त्यालाही येई.

आणि आता बंगलीच पाडायला निघाले होते, रस्ता रुंद करायला. वारसा म्हणून दर्जा मिळाला तरच ती वाचणार होती. समितीच्या मॅडम म्हणाल्या, झालरीचा मूळ रंग दाखवा, मग माझ्या शब्दाला वजन येईल. त्यासाठी एका जागी एकेक थर खरवडत लाकडापर्यंत जायचं. ऊनपाऊस न लागलेली जेमतेम चार बोटं जागा उरली होती, माडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की लागते ती, झालरीची आतली बाजू. बंगलीवाल्या बाई एकट्या आणि थकलेल्या. "घर गेलं तर या वयात कुठे जाऊ मी?" असं त्यांनी हे काम सांगताना विचारल्यावर नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

वरचा पांढरा थर निघाला. खाली हिरवा, बापाच्या हातचा. आणि त्यात अंगठा. मधोमध आडवा व्रण असलेला, बापाचाच.

रंगाऱ्याने पातं खाली ठेवलं. तो तसाच खाली आला. "बाई, बाबा गेल्यावर हिरवं काम पुरं कुणी केलं?"

बाईंनी नजर चुकवली. "त्यांनीच. मी नवी नवरी होते, ते पडले एवढंच कानावर आलं, गेल्याचं मला सांगितलेलं नव्हतं कुणी. दुसऱ्या दिवशी आले, मुकाट्याने काम संपवलं. लागलं का म्हणून विचारलं तर नुसते हसले. नंतर कळलं तेव्हा माझी दातखीळ बसली."

"दुसऱ्या दिवशी तर आम्ही त्यांना पोचवून आलो होतो."

"म्हणून तर बोलले नाही कधी. कुणाला पटलं असतं?"

दुपारी मॅडम येणार होत्या. मूळ रंगापर्यंत जायचं तर अंगठा खरवडावाच लागणार. एकीकडे बाईंचं छप्पर, दुसरीकडे बापाची उरलेली एवढीशी खूण. शेवटी रंगारी आईला घेऊन आला.

धापा टाकत ती माडी चढली. त्याने तिचा हात धरून खिडकीबाहेर नेला आणि अंगठ्यावर टेकवला. तिने बोटं आत घेतली तर ती हिरवी झालेली. एवढ्या वर्षांचा रंग, आणि ओला. रंगाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई मात्र घाबरली नाही.

"पुरं केलं हो त्यांनी," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "काढ आता. बाईंना राहू दे त्यांचं घर."

त्याने पातं लावलं तेव्हा रंग कोरडा ठणठणीत होता. हिरव्याखाली पिवळा निघाला, त्याखाली राखाडी आणि अगदी तळाशी फिका निळा. मॅडम आल्या, हरखल्या, फोटो काढत सुटल्या. आता बंगली वाचली समजा, असं त्या जाताजाता बाईंना सांगून गेल्या.

संध्याकाळी पानं घेतली तेव्हा आईने उजवा हात पदराखाली धरला होता. बोटांवरचा हिरवा रंग ती धुवायला तयार होईना. रंगाऱ्याने हट्ट केला नाही. तिच्याजवळ सरकून बसला आणि लहान लहान घास करून तिला भरवू लागला.